मुक्त-स्रोत म्युझिक प्लेअर

मुक्त-स्रोत म्युझिक प्लेअर म्हणजे खिशात मावणारे, साठवलेले संगीत वाजवणारे असे उपकरण, ज्याचे सर्किटचे आराखडे, कवचाची रेखाटने आणि आतील आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध असतात. अशा उपकरणाची रचना करताना दुरुस्तीयोग्यता हे प्रमुख उद्दिष्ट मानले जाते. झिजलेली बॅटरी, तुटलेली हेडफोनची खाच किंवा बिघडलेली आज्ञावली ही उत्पादकाच्या मदतीशिवाय बदलता यावी, अशी अपेक्षा असते. मुक्तता आणि दुरुस्तीयोग्यता या दोन गोष्टी मात्र एकच नाहीत. सामान्य पेन्सिल सेलवर चालणारा प्लेअर बंदिस्त आज्ञावलीचा असूनही सहज दुरुस्त होऊ शकतो. उलट, सर्व आराखडे प्रसिद्ध केलेले उपकरण गोंदाने चिकटवून बंद केले असेल, तर ते उघडताना मोडण्याचाच संभव अधिक. या क्षेत्रातील प्रयत्नांचा इतिहास म्हणजे या दोन गुणांना एकत्र आणण्याचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी

हार्ड डिस्कवर चालणारे प्लेअर इ.स. २००० च्या सुमारास बाजारात रुळू लागले. फ्रान्समधील आर्कोस या कंपनीच्या ज्यूकबॉक्स मालिकेतील सुरुवातीच्या प्लेअरमध्ये चार ‘एए’ आकाराचे पुनर्भारित होणारे सेल असत. सेल निकामी झाले की कोणत्याही दुकानातून नवे आणून घालता येत. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने पहिला आयपॉड सादर केला. ५ गिगाबाइटची १.८ इंची हार्ड डिस्क आणि बोटाने फिरवायचे चक्र यांमुळे तो आटोपशीर व देखणा झाला, परंतु त्याच्या पाठीवर एकही स्क्रू नव्हता. पोलादी पाठ आणि पुढचा भाग आतल्या खाचांनी एकमेकांत अडकवलेले होते आणि लिथियम बॅटरी आत बंदिस्त होती.

लिथियम बॅटरीचे आयुष्य मर्यादित असते. काही शे भारणचक्रांनंतर तिची धारणक्षमता लक्षणीय घटते आणि उपकरण वापरले नाही तरी काळानुसार ती झिजतच राहते. प्लेअरचा उर्वरित भाग, म्हणजे चिप, पडदा व बटणे, याच्या कितीतरी पट अधिक काळ टिकतो. त्यामुळे बॅटरी बदलता न येणाऱ्या उपकरणाचे आयुष्य त्याच्या सर्वांत अल्पायुषी भागाएवढे होते. हा मुद्दा २००३ साली केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या बंधूंनी ‘आयपॉड्स डर्टी सीक्रेट’ या लघुपटातून लोकांसमोर मांडला. त्याच सुमारास ॲपलने शुल्क घेऊन बॅटरी बदलून देण्याची योजना जाहीर केली. बॅटरीच्या आयुष्याविषयी अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्यांत २००५ साली तडजोड झाली. तरीही पातळपणासाठी बॅटरी बंदिस्त करण्याची रीत पुढे जवळजवळ सर्वच उत्पादकांनी स्वीकारली.

रॉकबॉक्स

प्लेअर दीर्घकाळ जिवंत ठेवण्याचा पहिला मोठा संघटित प्रयत्न यंत्राच्या नव्हे, तर आज्ञावलीच्या बाजूने झाला. २००१ च्या अखेरीस ब्यॉर्न स्टेनबर्ग, डॅनियल स्टेनबर्ग आणि लिनुस नील्सन फेल्टसिंग या स्वीडिश प्रोग्रामरांनी आर्कोसच्या प्लेअरसाठी पर्यायी फर्मवेअर लिहिण्यास प्रारंभ केला. उत्पादकाच्या मूळ आज्ञावलीतील उणिवा हे त्याचे कारण होते. (यांपैकी डॅनियल स्टेनबर्ग हे ‘कर्ल’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीचे जनक म्हणून अधिक परिचित आहेत.) रॉकबॉक्स हे नाव धारण केलेला हा प्रकल्प जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली प्रसिद्ध होतो.

आर्कोसच्या प्लेअरमध्ये हिताचीचा एसएच-१ हा सुमारे १२ मेगाहर्ट्झ गतीचा प्रक्रियक आणि केवळ २ मेगाबाइट स्मृती होती. एमपी३ उलगडण्याएवढी शक्ती त्या प्रक्रियकात नव्हती. ते काम मायक्रोनासची स्वतंत्र चिप करी. प्रक्रियकाने डिस्कवरून माहिती वाचून त्या चिपला पुरवत राहायचे एवढेच. फिरती डिस्क हा सर्वाधिक वीज खाणारा भाग असल्यामुळे ती सतत चालू ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून स्मृतीचा बहुतांश भाग एका मोठ्या साठ्यासाठी राखून ठेवण्यात आला. डिस्क काही सेकंद फिरते, साठा भरते आणि पुन्हा थांबते. १२८ किलोबिट प्रतिसेकंद दर्जाच्या एमपी३ला दर सेकंदाला १६ किलोबाइट लागतात, म्हणजे दीड-दोन मेगाबाइटचा साठा सुमारे दीड ते दोन मिनिटे पुरतो. पुढे ३२ मेगाबाइट स्मृतीचे प्लेअर आले, तेव्हा हाच अवधी अर्ध्या तासाच्या आसपास गेला. आज्ञावली कशी लिहिली आहे यावर बॅटरी किती तास चालेल हे ठरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आर्कोसचे प्लेअर सुरू होताना डिस्कच्या मुख्य संचिकेत विशिष्ट नावाची फर्मवेअर फाइल आहे का हे पाहत आणि असल्यास तीच चालवत. त्यामुळे रॉकबॉक्स बसवण्यासाठी मूळ आज्ञावली पुसावी लागत नसे. फाइल काढून टाकली की यंत्र पूर्ववत होई. नंतरच्या उपकरणांत हा सोपा मार्ग राहिला नाही. प्रत्येक नव्या प्लेअरसाठी सर्किट उलगडून पाहणे, चिपांची ओळख पटवणे आणि बूटलोडरमध्ये शिरकाव करणे हे काम स्वयंसेवकांना करावे लागले. आयपॉडवर लिनक्स चालवण्याच्या समांतर प्रकल्पात तर एका विकासकाने चौथ्या पिढीच्या आयपॉडमधील बूटलोडर मिळवण्यासाठी त्यातील ‘टिक’ असा आवाज करणाऱ्या छोट्या पिझो भोंग्याचा उपयोग केला. स्मृतीतील बिटे टिकटिकीच्या रूपाने वाजवली गेली, ती ध्वनिमुद्रित केली गेली आणि संगणकाने तो आवाज पुन्हा माहितीत बदलला. आराखडे उपलब्ध असते, तर या कसरतीची गरजच पडली नसती.

आयरिव्हरच्या एच१०० मालिकेपासून रॉकबॉक्सने ध्वनी उलगडण्याचे कामही मुख्य प्रक्रियकाकडे घेतले. त्यामुळे उत्पादकाने न दिलेले फ्लॅक, व्हॉर्बिस यांसारखे ध्वनिप्रकार जुन्या यंत्रांत वाजू लागले. दोन गाण्यांमध्ये खंड न पडता वादन, आवाजाची पातळी समान राखणे, वापरकर्त्याने रचलेले पडदे अशा सोयी आल्या. कालांतराने पोर्टलप्लेअरच्या चिपांवर चालणारे आयपॉड, सॅनडिस्कचे सान्सा आणि इतर अनेक प्लेअर या यादीत सामील झाले. आवृत्ती ३.० सप्टेंबर २००८ मध्ये, तर आवृत्ती ४.० २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे अशा यंत्रांनाही आज नव्या सुधारणा मिळतात.

रॉकबॉक्सच्या सर्व सोयींत ध्वनिसूचक मेनूचे महत्त्व विशेष आहे. मेनूतील प्रत्येक शब्द आणि डिस्कवरील संचिकांची नावे संगणकाच्या साहाय्याने आधीच आवाजात रूपांतरित करून ठेवली जातात. बटण दाबले की प्लेअर ती उच्चारतो. व्यापारी प्लेअरांनी दृष्टिहीन वापरकर्त्यांचा फारसा विचार केलेला नसताना ही सोय उपलब्ध झाली आणि अनेक दृष्टिहीन श्रोते रॉकबॉक्सचे नियमित वापरकर्ते बनले. ज्यांच्यासाठी उपकरण बनवलेलेच नाही, त्यांनाही ते आपल्या गरजेप्रमाणे घडवता येणे हा मुक्त आज्ञावलीचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणता येईल.

जुन्या यंत्रांचे पुनरुज्जीवन

हार्ड डिस्क असलेल्या आयपॉडचे उत्पादन २०१४ मध्ये आणि संपूर्ण आयपॉड मालिका मे २०२२ मध्ये बंद झाली. मात्र जुने आयपॉड उघडून त्यांतील डिस्कच्या जागी एसडी कार्डाचा अनुकूलक आणि अधिक क्षमतेची बॅटरी बसवणारा हौशी वर्ग जगभर निर्माण झाला. हे शक्य झाले ते आयपॉडच्या रचनाकारांच्या हेतूमुळे नव्हे. त्यांनी डिस्कसाठी प्रचलित जोडणी वापरली होती म्हणून. फिरता भाग गेल्यामुळे यंत्राला धक्क्यांची भीती राहत नाही, वजन घटते आणि विजेची बचत होते. या छंदाची मर्यादाही स्पष्ट आहे. कवच उघडताना खाचा वाकतात, बारीक फितीसारख्या तारा तुटतात आणि मूळ सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत जातात.

रचनेची तत्त्वे

मुळापासून दुरुस्तीयोग्य प्लेअर रचायचा झाल्यास पहिला प्रश्न बॅटरीचा येतो. गोंदाऐवजी कप्पा, तारा डकवण्याऐवजी खटक्याने निघणारी जोडणी आणि खास मापाऐवजी बाजारात सर्रास मिळणारे माप, हे तीन निर्णय बहुतेक काम करतात. १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबीचा ‘१८६५०’ हा दंडगोल सेल जगभर मिळतो, परंतु त्यामुळे प्लेअर जाड होतो. भारतात नोकियाच्या जुन्या फोनांतील बीएल-५सी ही सपाट बॅटरी मूळ फोन कालबाह्य झाल्यानंतरही छोटे एफएम रेडिओ आणि स्पीकर यांच्यामुळे गल्लीबोळांतील दुकानांत मिळत राहिली. एखाद्या सुट्या भागाची उपलब्धता त्याच्या तांत्रिक श्रेष्ठतेपेक्षा तो किती यंत्रांत वापरला जातो यावर अवलंबून असते, हे यावरून दिसते. पिशवीसारख्या लिथियम पॉलिमर बॅटरीत अधिक वीज मावते, पण ती जुनी झाल्यावर फुगू शकते. तिच्याभोवती मोकळी जागा न सोडल्यास ती पडद्याला आतून रेटा देते. फुगलेली बॅटरी टोकदार हत्याराने खरवडून काढणे आगीला निमंत्रण ठरू शकते, आणि गोंदाला विरोध होण्याचे खरे कारण सुरक्षितता हेच आहे.

यानंतर सर्वाधिक झिजतात त्या हेडफोन व चार्जिंगच्या खाचा. वायर ओढली की ताण थेट डाकांवर येतो. त्यामुळे बोर्डाच्या छिद्रांतून आरपार डकवलेली खाच केवळ पृष्ठभागावर डकवलेल्या खाचेपेक्षा अधिक टिकते. खाचा स्वतंत्र छोट्या बोर्डवर ठेवल्यास मुख्य बोर्डाला हात न लावता त्या बदलता येतात. चिपांच्या बाबतीतही कारागिराचा विचार करावा लागतो. ज्या चिपचे पाय बाजूला दिसतात ती साध्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने काढता-बसवता येते. ज्या चिपखाली गोळ्यांची जाळी असते तिला गरम हवेचे यंत्र आणि सरावलेला हात लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात, तालुक्याच्या गावी ते मिळतीलच असे नाही.

प्लेअरच्या आवाजाची गुणवत्ता मुख्यतः अंकीय माहितीचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करणारी चिप, तिच्यापुढील प्रवर्धक आणि त्यांना मिळणारा स्वच्छ वीजपुरवठा यांवर अवलंबून असते. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, दोन बाजू. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. आजच्या साध्या सूक्ष्मनियंत्रकालाही हा भार जड नाही. अडचण येते ती वेगळ्याच बाजूने. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे असाही कासेई मायक्रोडिव्हायसेसच्या कारखान्याला आग लागली. या कारखान्याच्या ध्वनिचिपा असंख्य प्लेअर व ध्वनियंत्रांत वापरल्या जात. अनेक उत्पादकांना रातोरात पर्यायी चिपा शोधून बोर्ड नव्याने आखावे लागले. ज्यांचे आराखडे मुक्त आहेत त्यांना असा बदल कोणीही सुचवू शकतो, एवढाच त्यांचा लाभ. चिप दुर्मीळ झाली की मुक्त आराखडाही कागदावरच राहतो.

ध्वनिप्रकारांचा प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. फ्लॅक, व्हॉर्बिस आणि ओपस हे प्रकार आरंभापासून मुक्त होते. एमपी३वर पेटंटांचे ओझे होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्याचा परवाना-कार्यक्रम समाप्त झाला. तेव्हापासून स्वल्पसंख्येने बनणाऱ्या प्लेअरनाही त्याची धास्ती उरली नाही.

तंगारा

तंगारा हा मुळापासून मुक्त रचलेल्या प्लेअरचे अलीकडील ठळक उदाहरण आहे. ‘कूल टेक झोन’ या छोट्या गटाने तो रचला आणि २०२४ मध्ये ‘क्राउड सप्लाय’ या संकेतस्थळावरून लोकांकडून आगाऊ मागणी घेऊन त्याचे उत्पादन केले. आयपॉडच्या चक्राची आठवण करून देणारे स्पर्शचक्र, छोटा रंगीत पडदा, एसडी कार्डाची खाच आणि तारेच्या हेडफोनसाठी ३.५ मिलिमीटरची खाच असे त्याचे स्वरूप आहे. त्याचा मुख्य प्रक्रियक एस्प्रेसिफचा ईएसपी३२ असून यूएसबी आणि विजेची व्यवस्था पाहण्यासाठी एसएएमडी२१ हा दुसरा सूक्ष्मनियंत्रक आहे. ईएसपी३२ हा मुळात घरगुती स्वयंचलित उपकरणांसाठी लोकप्रिय झालेला, दोन गाभ्यांचा व कमाल २४० मेगाहर्ट्झ गतीचा स्वस्त सूक्ष्मनियंत्रक आहे. त्याची निवड करण्यामागील लाभ उघड आहे: त्याची साधने मुक्त आहेत, तो सर्वत्र मिळतो आणि हजारो विद्यार्थ्यांनी तो आधीच हाताळलेला आहे.

यंत्राचे आराखडे सर्न मुक्त यंत्र परवान्याच्या कठोर प्रकाराखाली आणि आज्ञावली जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिलेली आहे. कठोर प्रकार म्हणजे आराखड्यात सुधारणा करून उपकरण विकणाऱ्याने आपली सुधारणाही त्याच अटींवर खुली केली पाहिजे. पडद्यावरील मेनू ‘लुआ’ या सोप्या भाषेत लिहिलेला असल्याने ज्याला मूळ सी++ आज्ञावली समजत नाही असा वापरकर्ताही त्यात फेरफार करू शकतो. रॉकबॉक्सला दुसऱ्यांची बंद यंत्रे उघडावी लागली. येथे ती पायरीच वगळलेली आहे.

मर्यादा

‘मुक्त’ हे विशेषण या उपकरणांना पूर्णांशाने लागू होत नाही. ईएसपी३२च्या ब्लूटूथ व वायफाय विभागाचे काही फर्मवेअर उत्पादकाकडून केवळ यंत्रभाषेत मिळते. चिपांची आतली रचना बंदच असते. सर्किटची फाइल उपलब्ध असली, तरी चार-सहा थरांचा बोर्ड घरी बनवता येत नाही. तो कारखान्यातूनच मागवावा लागतो आणि एकच नग मागवल्यास खर्च अवाच्या सवा होतो. थोड्या संख्येने बनल्यामुळे हे प्लेअर समान क्षमतेच्या व्यापारी प्लेअरपेक्षा महाग पडतात. बहुतेक लोक संगीत फोनवर ऐकतात, त्यामुळे मागणी वाढून किंमत उतरण्याची शक्यताही कमी आहे. शिवाय स्वयंसेवी प्रकल्पांचे आयुष्य त्यांच्या मोजक्या कार्यकर्त्यांच्या सवडीवर चालते. रॉकबॉक्सच्या अनेक आवृत्त्यांमध्ये वर्षांचे अंतर पडले ते यामुळेच.

देवनागरीचा प्रश्न

मराठी, हिंदी व कोकणी गाण्यांचा संग्रह बाळगणाऱ्यांना या प्लेअरांत एक वेगळी अडचण येते. कमी स्मृतीच्या यंत्रांत अक्षरे ठिपक्यांच्या तयार चित्रांतून, एकामागून एक काढली जातात. रोमन लिपीला ही पद्धत पुरते. देवनागरीत ऱ्हस्व इकार युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवला जातो, पण व्यंजनाच्या आधी दाखवावा लागतो. ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्य’ यांसारख्या जोडाक्षरांना स्वतंत्र आकार लागतात. ही जुळणी करणारी आज्ञावली नसल्यास ‘किशोरी’मधील पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे सरकते आणि ‘ज्योत्स्ना’मधील जोडाक्षरे पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत विस्कटतात. संगणक व फोनांत हे काम ‘हार्फबझ’सारखी मुक्त प्रणाली करते, मात्र ती छोट्या सूक्ष्मनियंत्रकाला जड जाते. यावर दोन उपाय संभवतात: केवळ देवनागरीचे नियम पाळणारी लहान जुळणी-आज्ञावली लिहिणे, किंवा गाण्यांची नावे संगणकावरच चित्ररूपात तयार करून कार्डावर ठेवणे. दुसरा मार्ग रॉकबॉक्सच्या ध्वनिसूचक मेनूच्या पद्धतीशी जुळणारा आहे. बंद प्लेअरात यांपैकी काहीच वापरकर्त्याच्या हाती नसते.

कायदेशीर पार्श्वभूमी

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील छोट्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरकर्त्याला स्वतः काढता व बदलता येतील अशा बसवणे बंधनकारक होणार आहे. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. शेती-अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे असून त्यावर उत्पादकांनी दुरुस्तीविषयीची माहिती, सुट्या भागांचे तपशील व हमीच्या अटी द्याव्यात अशी अपेक्षा आहे. सर्किटचे आराखडे किंवा फर्मवेअर खुले करण्याचा यात अंतर्भाव नाही.